फुले योजनेचं कार्ड दारू सोडवायला चालतं का?

मागच्या अंकात मी एका उत्तरात सहज लिहिलं होतं की व्यसनमुक्ती केंद्राचे पैसे भरायला मंगळसूत्र गहाण टाकायच्या आधी घरातलं रेशन कार्ड आणि आयुष्मान कार्ड काढून एकदा सरकारी दवाखान्यात जाऊन या. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की यावेळी सगळी जागा त्यालाच देतेय, म्हणजे राज्याची महात्मा फुले योजना आणि केंद्राचं आयुष्मान कार्ड या फुकट उपचाराच्या योजना व्यसनाला कितपत चालतात यालाच. मी सरकारी हॉस्पिटलात समाजसेवा अधीक्षक होते, वॉर्डात अशी कुटुंबं रोज बघितली, त्यामुळे जे माहितीये ते सरळ सांगते. नावं कोणाचीच छापत नाही.

प्रश्न : ताई, आम्ही बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीला जातो. मी सांगतेय आणि माझी मुलगी लिहितेय. आमचे मालक खूप वर्षांपासून पितात, आता तर सकाळी उठल्या उठल्या लागते, नाही मिळाली की हात थरथर कापतात. मागच्या सीझनला दोन दिवस पैसे नव्हते म्हणून प्यायले नाहीत तर फडातच पडले, तोंडाला फेस आला. एका केंद्रात विचारलं तर तीन महिन्यांचे पैसे आधी भरा म्हणाले, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली अर्धी उचल त्यातच जाईल. आमचं केशरी कार्ड आहे. फुले योजनेत होतं का? गावात सगळे म्हणतात दारुड्याला कसली योजना.

उत्तर : ताई, पैशाचं नंतर, आधी त्या फेसाचं बोलू. ती फिट होती, आणि ती दारू प्यायल्याने नाही तर अचानक बंद झाल्याने आलेली असणार. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत कधीही फिट येऊ शकते, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस बडबडायला लागतो, भिंतीवर किडे दिसतात, बायकोपोरांना ओळखत नाही, घाम फुटतो, ताप चढतो. खूप घरात याला बाहेरची बाधा समजतात आणि देवऋष्याकडे नेतात आणि तिथे जीव जातो. म्हणून घरी कोंडून, शपथ घालून, माळ घालून दारू तोडायची नाही, निदान तुमच्या मालकांच्या बाबतीत तरी अजिबात नाही. त्यांना भरतीच करायला लागेल, तिथे थरथर आणि फिट थांबवणारी औषधं मोठ्या डोसने सुरू करून रोज थोडी थोडी कमी करतात, बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं देतात. साधारण आठवडा-दहा दिवसांचं काम असतं.

आता कार्डाचं. गावात म्हणतात ते चूक आहे. आयुष्मान भारतच्या पॅकेजच्या यादीत मानसिक आजारांचा वेगळा गट आहे आणि त्यात दारू, ड्रग्ज अशा पदार्थांमुळे होणारे मानसिक आणि वर्तनाचे आजार असं स्पष्ट लिहिलेलं आहे, म्हणजे सरकारच्या कागदावर तुमचे मालक पेशंट आहेत. आपल्याकडे महात्मा फुले योजना आणि आयुष्मान या दोन्ही एकत्र चालतात, १ जुलै २०२४ पासून कव्हर कुटुंबाला वर्षाला ५ लाख झालंय आणि पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशन कार्ड चालतं, म्हणजे तुमचं केशरी चालतंच.

पण दोन गोष्टी नीट समजून घ्या, कारण फसवणूक इथेच होते. एक म्हणजे मानसिक आजारांचा हा गट मुख्यतः सरकारी हॉस्पिटलांकडे आहे, त्यामुळे हायवेवरच्या खाजगी केंद्राने तुम्हाला आयुष्मानमधे करून देतो सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जिथे योजना खरी चालते तिथे दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं, तो तुमचं कार्ड बघतो, ऑनलाइन नोंद करतो, मंजुरी मागतो. टेबल नाही तर योजना नाही. दुसरी गोष्ट म्हणजे योजना पैसे देते ते हॉस्पिटलच्या भरतीचे. तीन महिने केंद्रात राहणं, समुपदेशन, ज्याला पुनर्वसन म्हणतात ते यात येत नाही, आणि नुसती ओपीडी पण येत नाही. मला स्वतःला हे पटत नाही, कारण दारू शरीरातून दहा दिवसात जाते पण डोक्यातून जायला वर्ष लागतं आणि सरकारचा पैसा दहाव्या दिवशी थांबतो. हे बदलायला पाहिजे असं मी नोकरीत असताना पण बोलायचे आणि आता पण बोलते. पण आज जे आहे ते असं आहे, आणि त्यातून तुमचं काम कसं काढायचं ते बघू.

तुमच्यासाठी खरं तर योजनेपेक्षा सोपा रस्ता आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत, म्हणजे पीएचसी, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, उपचार फुकट आहेत, केस पेपरचे पैसे पण नाहीत. बीडच्या जिल्हा रुग्णालयात जा आणि मानसोपचाराची ओपीडी विचारा. अंबाजोगाई जवळ पडत असेल तर तिथलं स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज आहे, ते वैद्यकीय शिक्षण खात्याचं असल्याने केस पेपर वगैरेला किरकोळ पैसे लागू शकतात आणि तिथे भरतीसाठी कार्ड उपयोगी पडेल, म्हणून आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. त्याला नेमकं विचारा, की मानसिक आजारांच्या गटासाठी हे हॉस्पिटल योजनेत आहे का. रेशन कार्ड आणि आधार ओरिजिनल जवळ ठेवा. फिट येत असेल, शुद्ध नसेल तर कागदासाठी घरी पळू नका, आधी भरती करा, इमर्जन्सीमधे कागद नंतर दिले तरी चालतात. काही अडवलं तर १५५३८८ हा योजनेचा नंबर आहे, तिथूनच फोन लावा, त्यांच्या समोर लावा.

आणि तुम्ही सीझनला कोल्हापूर-सांगलीकडे असलात तरी हेच कार्ड तिथल्या हॉस्पिटलात चालतं, बीडलाच यायला पाहिजे असं नाही. कर्नाटकातल्या कारखान्यावर जात असाल तर मात्र मुलीला सांगून आयुष्मान कार्ड काढून घ्या, आशाताई किंवा सीएससी सेंटरवाला आधारवरून काढून देतो, कारण ते कार्ड दुसऱ्या राज्यात पण चालतं, नुसत्या रेशन कार्डावर तिथे काही होणार नाही.

भरतीनंतरचं आता. डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं योजनेत असतात, पुढची औषधं जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीतून दर महिन्याला घ्या. दारूची ओढ कमी करणाऱ्या गोळ्या असतात. दुसरी एक गोळी अशी असते की तिच्यावर दारू प्यायली की त्रास होतो, ती मात्र मालकांना न सांगता चहात, भाजीत घालायची नाही, मी हात जोडून सांगते, त्याने माणसं मेलेली आहेत. राहून उपचार करायचेच असतील तर केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याच्या अनुदानावर चालणारी केंद्रं असतात, आपल्या जवळ कुठलं आहे ते १४४४६ या फुकट नंबरवर कळतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी काढलेलं, तिथे किंवा कुठल्याही जुन्या संस्थेत फोन करताना पैशाचं अडतंय हे लाजू नका, आधीच सांगा. एए, म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या लोकांचा गट, त्याच्या मीटिंग्ज तर फुकटच असतात आणि तालुक्याच्या गावीसुद्धा चालतात.

मुलीने पत्र छान लिहिलंय. हे उत्तर तिने मालकांना पण वाचून दाखवावं, सकाळी, ते शुद्धीत असताना.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी चाकणला एका कंपनीत प्रेस ऑपरेटर आहे, पगार १९ हजार. दारू सोडायचीय, मनापासून. पण सुट्टी टाकली तर पगार जाणार आणि कंपनीत कळलं तर कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करणार नाहीत. स्लिपवर ई.एस.आय. कापतात, त्याचा काही उपयोग होतो का?

उत्तर : दादा, होतो आणि चांगला होतो, नवल याचं वाटतं की पगारातून पैसे कापले जातात आणि निम्म्या मुलांना माहीतच नसतं कशाला कापतात. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना ई.एस.आय., म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू आहे, तुमच्या पगाराचा पाऊण टक्का तुमचा जातो आणि सव्वातीन टक्के कंपनी भरते. म्हणजे हा विमा तुम्ही विकत घेतलेला आहे, कोणाचे उपकार नाहीत. त्यात कुटुंबाचेही उपचार येतात.

आधी तुमच्या नावावर जो दवाखाना लावलाय तिथे जायचं, डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की रोज किती पितो, किती वर्षं, सकाळी लागते का, फिट आलीय का. तो तुम्हाला मोठ्या ई.एस.आय. हॉस्पिटलला मानसोपचाराकडे पाठवेल, तुमच्या बाजूला चिंचवडचं मोहननगर आणि पुण्यातलं बिबवेवाडी आहे. भरती झालात की आजारपणाचं सर्टिफिकेट घ्या, ते कंपनीत आणि ई.एस.आय. च्या शाखा कार्यालयात लागतं. त्यावर पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. अट एवढीच की आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात तुमचे किमान ७८ दिवस भरलेले पाहिजेत, म्हणून जुन्या स्लिपा फेकू नका, कॉन्ट्रॅक्टर बदलला असेल तर इन्शुरन्स नंबर तोच चालू आहे ना ते बघून घ्या, कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलांचं काम इथेच अडकतं.

कंपनीत कळायची भीती मला समजते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय आणि त्याच कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था धरलेल्या आहेत. तुमचा कागद तुमच्या परवानगीशिवाय सुपरवायझरला दाखवायचा हक्क डॉक्टरला नाही. सर्टिफिकेटवर काय लिहिणार हे डॉक्टरशी आधी बोलून घ्या, तेवढं विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

एक मात्र ऐका. रविवारी बंद करून सोमवारी मशीनवर उभं राहायचं असा बेत करू नका. मशीन चालू असताना फिट आली तर हात जाईल. एक आठवड्याची भरती परवडते, हात गेलेला परवडत नाही.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे, ठाण्यात राहतात. स्वादुपिंडाला सूज आली म्हणून खाजगी हॉस्पिटलात ठेवलं. मेडिक्लेम कंपनीने क्लेम नाकारला, कारण डॉक्टरांनी केस पेपरवर दारूचं लिहिलं. आता परत भरती करायची वेळ आलीय. नातेवाईक म्हणतात यावेळी डॉक्टरांना दारूचं सांगायचंच नाही. काय करावं?

उत्तर : सांगायचं. आधी हेच लिहिते, कारण बाकी काही नाही वाचलं तरी चालेल. डॉक्टरला दारूचं माहीत नसेल तर भरतीच्या तिसऱ्या दिवशी बाबा गोंधळतील, सलाईन उपसतील, आणि वॉर्डात सगळे मेंदूचा स्कॅन, इन्फेक्शन शोधत बसतील, दारू तुटल्यामुळे हे होतंय हे कळेपर्यंत वेळ गेलेली असेल. मी हे वॉर्डात बघितलंय. क्लेमसाठी हा धोका घ्यायचा नाही.

आता क्लेम का गेला ते सांगते. खाजगी मेडिक्लेममधे काय काय वगळता येतं याची भाषा आयआरडीएआय ने, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ठरवून दिलीय, त्यातलं बारा नंबरचं कलम दारू, ड्रग्ज किंवा कुठल्याही व्यसनाचे उपचार आणि त्यांचे परिणाम यांचं आहे. पॉलिसीत ते Excl12 असं छापलेलं असतं, आपण सही करताना कोणी वाचत नाही. गंमत नाही तर दुःख याचं आहे की २०१७ चा कायदा म्हणतो मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या आणि व्याख्येत व्यसन धरतो, आणि तरी हे कलम पॉलिसीत राहिलेलंच आहे. माझ्या मते हे कायद्याच्या हेतूच्या विरोधात आहे आणि यावर कोणीतरी नेटाने भांडायला हवं.

तुम्ही भांडू शकता. स्वादुपिंडाला सूज दारूशिवाय पित्ताशयाच्या खड्यांनी पण येते, रक्तातली चरबी खूप वाढल्याने पण येते. सोनोग्राफीत खडे दिसले असतील तर नुसता केस पेपरवर दारूचा उल्लेख आहे म्हणून सगळं दारूवर ढकलता येत नाही, डॉक्टरांकडून कारणाचं लेखी पत्र घ्या, पण खरं असेल तेच. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, ते फुकट आहे, वकील लागत नाही, नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं असतं.

पण पुढच्या भरतीसाठी मेडिक्लेमच्या नादी कशाला लागताय? बाबा ७१ चे आहेत. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ५ लाखांपर्यंत, आधार एवढंच लागतं. स्वादुपिंडाची सूज, लिव्हरचे आजार यांची पॅकेजेस यादीत आहेत. योजनेतलं हॉस्पिटल शोधा, आरोग्यमित्राला भेटा, कार्डाचा राष्ट्रीय नंबर १४५५५ आहे. आणि पोट बरं झालं की त्याच भरतीत मानसोपचारतज्ज्ञाला बोलवा असा आग्रह धरा. सूज उतरते, माणूस घरी येतो आणि महिन्याभरात परत तेच, कारण ज्याने सूज आली त्याच्याबद्दल कोणी एक शब्द बोललेलं नसतं. सामाजिक न्याय खात्यासाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ ला आला, त्यात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांतल्या फक्त एकाला काहीतरी उपचार मिळतात असं निघालं. बाकीच्या ३७ जणांतले कितीतरी जण पोटासाठी, फिटसाठी, अपघातासाठी हॉस्पिटलात येऊन गेलेले असतात.

प्रश्न : मुलगा २२ चा, मुंबईत ब्राउन शुगरच्या नादाला लागलाय. एका केंद्राची माणसं गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात म्हणे. सरकारी ठिकाणी नेलं तर पोलीस केस होईल का?

उत्तर : ताई, उचलून नेणाऱ्यांना बोलवू नका. अशी केंद्रं राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेली असावी लागतात, नोंदणीचा कागद मागा, नसेल तर फोन ठेवा. बांधून ठेवणं, साखळी घालणं कायद्याने गुन्हा आहे. मनाविरुद्ध भरती करायचीच वेळ आली तर त्याला वेगळी पद्धत आहे, तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासून ठरवायचं असतं आणि आधी ३० दिवसांपर्यंतच ठेवता येतं.

पोलिसांचं म्हणाल तर, उपचाराला स्वतःहून आलेल्या व्यसनी माणसाला, थोड्या प्रमाणातल्या अमली पदार्थाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण द्यायची तरतूद एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४ अ मधे आहे, उपचार पूर्ण करायला लागतात एवढंच. डॉक्टर पोलिसांना फोन लावायला बसलेले नसतात. केईएम, नायर, सायन, जेजे कुठेही मानसोपचार ओपीडीला जा. ब्राउन शुगरला ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी असते, ती जिभेखाली ठेवतात, अंगदुखी, जुलाब, तडफड थांबते आणि मुलगा पळून जात नाही. एका नशेच्या जागी दुसरी नशा अशी लोक हिची नालस्ती करतात, त्याकडे लक्ष देऊ नका, ती औषध आहे आणि बऱ्याच जणांना वर्ष-दोन वर्षं घ्यायला लागते. सुईने घेत असेल तर एड्स नियंत्रणवाल्यांच्या ओएसटी केंद्रात, म्हणजे सुईऐवजी औषध देणाऱ्या केंद्रात, ही गोळी फुकट मिळते, तिथेच एचआयव्ही आणि काविळीची तपासणी पण करून घ्या. रात्री-अपरात्री तुम्हाला स्वतःला बोलायचं असेल तर टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा, नंबर १४४१६.

प्रश्न : गुटखा सोडायला योजनेत काही आहे का?

उत्तर : सोडायला नाही, कारण त्याला भरती लागत नाही. १८०० ११ २३५६ हा तंबाखू सोडायचा सरकारी नंबर आहे, फुकट. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, जखम पंधरा दिवसांत भरली नसेल तर मात्र फोनवर थांबू नका, जिल्हा रुग्णालयात दंत विभागात दाखवा. दुर्दैवाने कॅन्सर निघालाच तर ऑपरेशन, रेडिएशन, केमो तिन्ही फुले योजनेत आहेत, तिथे तुमचं रेशन कार्ड चालेल.